बेक्किनकेरे ते महिपालगड: डोंगर एवढासा, वारं केवढं!

शहापूरकर | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, आधीच कबूल करतो. ज्या डोंगरावर वडापाची (सीटवर भाडं घेणारी) जीप जाते त्या डोंगरावर मी आज गुडघ्यांवर रांगलो. हसून घ्या, मग पुढचं वाचा.

ट्रेकचा बेत साधा होता. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने उचगाव फाटा, तिथून आत बेक्किनकेरे, गाडी गावात लावायची. पूर्वेच्या अंगाने डोंगर चढायचा, माथ्यावरून महिपालगडाकडे जायचं, मग दक्षिणेला वैजनाथाचं देऊळ आणि खाली देवरवाडी. शिनोळीत चहा. चौघं होतो: मी, माझा भाचा (वय २२, सगळं येतं), आमचा डॉक्टर दोस्त आणि त्याची बायको. वहिनी शाळेत खेळ शिकवतात, त्यामुळे आमच्यात दमणार कोण हे आधीच ठरलेलं होतं.

सात वाजता गावातून निघालो. रताळ्याचे वेल लावलेले वाफे, त्यांच्या कडेने लाल पाण्याचे पाट, खाचरात रोप लावणीची घाई. पावसाची नुसती भुरभुर. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. शेवटच्या घराजवळ एक आजोबा पोत्याची खोळ घेऊन म्हशींजवळ उभे होते.

"वर निघालासा व्हय?"

"होय आजोबा. महिपालगड."

"आज वारं हाय."

भाचा म्हणाला, इथे तर काहीच नाही. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं पण नाही. मला म्हणाले, "म्हसरं आज पल्याड न्हेली न्हाईत मी." एवढं बोलून ते म्हशीच्या पाठीवरची माशी हाकलत राहिले. मी "बरं बरं" म्हटलं आणि पुढे निघालो. आज दिवसभरात मी केलेला सगळ्यात मोठा गाढवपणा तो.

चढ छान आहे. जांभ्याचे दगड, निसरडं गवत, मधे झुडपांचा पट्टा. खरी चढण आठशे फुटांच्या आतबाहेर असेल. बेळगावच मुळात अडीच हजार फुटांवर, आणि गड सव्वातीन हजारांच्या आसपास. म्हणजे आकड्यात दम नाही. डॉक्टर वाटेत दोनदा म्हणाला, "हा चढ माझ्या सासुरवाडीच्या जिन्यापेक्षा सोपा आहे." वहिनी मागेच होत्या.

माथा दहा पावलांवर आला तेव्हा आवाज सुरू झाला. मला वाटलं पलीकडे रस्ता आहे आणि लांबून ट्रक येतोय. डोकं कडेच्या वर काढलं आणि त्या ट्रकनेच धडक दिली म्हणा ना! भाच्याची टोपी गेली. आम्ही तिला उडताना बघितलं. महाराष्ट्रातून थेट कर्नाटकात, कुठलाही कागद न दाखवता. माझा पाँचो उलटून डोक्यावर आला आणि मी दोन मिनिटं निळ्या पिशवीत आंधळा. बोलणं बंद. समोरासमोर उभं राहून ओरडलं तरी शब्द पूर्वेकडे वाहून जात होते.

पण त्याच वाऱ्याने ढग फाडले, हेही सांगायला पाहिजे. दहा मिनिटं, जास्त नाही. दक्षिणेला राकसकोपचं पाणी, शिशाच्या रंगाचं. खाली खाचरं आभाळ भरून ठेवल्यासारखी, कुणीतरी डोंगराच्या पायाशी आरशाचे तुकडे ओतून गेल्यासारखं वाटत होतं. बेळगाव शहर म्हणजे पांढुरकी रेघ, आणि त्याच्या पलीकडे राजहंसगडाचा एकटा उंचवटा. पश्चिमेला चंदगडाकडच्या डोंगरांची एकामागे एक रांग, आणि त्यांच्या मधल्या दऱ्यांतून पावसाचे पडदे चालत येताना दिसत होते. अक्षरशः चालत. एक पडदा एका गावावरून गेला, गाव पुसलं गेलं, पाच मिनिटांत पुन्हा उगवलं, जास्त हिरवं होऊन. मी पस्तीस वर्षं बेळगावात राहतोय. आमचा मुलूख असा दिसतो हे मला आज कळलं. फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला तर हात थरथरून तीनही फोटो गेले. तेव्हा "फोटो टाका" म्हणणाऱ्यांनी माफ करावं.

पुढे महिपालगडाला वळसा घालून दक्षिणेकडे निघालो. भाच्याच्या मोबाईलमधल्या ॲपवर कुणीतरी टाकलेली वाट होती, ती अगदी धारेवरून जाते. वारा उजव्या कानात. चालताना आम्ही सगळे उजवीकडे कललेले, आणि वाऱ्याने क्षणभर सोडलं की चौघेही उजवीकडे धडपडायचो. दारुड्यांची वरात. पुढे एक खिंडीसारखी जागा आहे, दोन उंचवट्यांमधली. तिथे डॉक्टरला वाऱ्याने दोन पावलं बाजूला नेलं. नव्वद किलोचा माणूस. तो गुडघ्यांवर बसला, मग मी बसलो, आणि आम्ही ती तीसेक पावलांची जागा रांगत पार केली. वहिनी उभ्याने गेल्या, हे नोंदवतो.

पलीकडे भाचा म्हणाला, आता तासाभरात वैजनाथ, चला. मी म्हटलं, नाही, इथून खाली डांबरी रस्त्याला उतरायचं. दहा मिनिटं भांडण. डॉक्टरचे ओठ निळसर दिसत होते, तो गप्प होता, आणि तो गप्प असणं हेच मला पटेना. उतरलो.

रस्त्याला लागलो तर समोरून वडाप. आत बायका, पाट्या, एक कोंबडी. ड्रायव्हरने काच खाली केली.

"कुठनं आलासा?"

"खालून. डोंगरावरून."

"मग गाडीनं यायचं न्हवं?"

भाचा अजून रुसला आहे. त्याचं म्हणणं, मामाने ऐन वेळी कच खाल्ली. तुम्ही सांगा.

---

गडकोट_वेडा | रात्री १०.०५

लेख छान, पण "ट्रेक" हा शब्द जपून वापरावा ही विनंती. महिपालगडावर गाव आहे, डांबरी सडक आहे. शाळेची पोरं सहलीला येतात. उद्या कुणी एखाद्या उड्डाणपुलावरून चालून येईल आणि "वाऱ्याशी झुंज" म्हणून धागा काढेल.

---

भिजका_बूट | रात्री १०.११

वहिनींना दंडवत. बाकी तिघांना करदंट.

---

शहापूरकर | रात्री १०.२०

@गडकोट_वेडा, जीप गावापर्यंत जाते, धारेवरून जात नाही. तुम्ही जीपने या, मी वर वाट बघतो. म्हैस घेऊन या.

@भिजका_बूट, करदंट होतंच की. गोकाकचं. डिंक, सुकामेवा, गूळ. वाऱ्यात चावायला वेळ लागतो तेवढाच तोटा. त्या महागड्या चॉकलेटच्या कांड्यांपेक्षा लाखपट बरं.

---

बोफोर्टचा_भाऊ | रात्री १०.४२

माझं काम वाऱ्याशीच आहे (पवनचक्क्या), म्हणून चार ओळी.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगावर घेणं मजेचं असतं. तोच ६० झाला की चौपट ढकलतो. बोफोर्ट मापनात (वाऱ्याचा जोर सांगायची पट्टी) ताशी ३९ ते ४९ किलोमीटरला छत्री धरणं कठीण, ५० ते ६१ ला वाऱ्याच्या तोंडावर चालायला त्रास, आणि ६२ ते ७४ ला चालणं खरोखर अवघड असं धरतात. तुम्ही रांगलात म्हणजे निदान झोत तरी त्या शेवटच्या गटातले असणार.

दुसरं, माथ्यावर वारा मुळातच वाढतो. पश्चिमेकडून येणाऱ्या हवेला डोंगर आडवा आला की तिला थोडक्या जागेतून वर चढून जावं लागतं, मग ती धारेवरून पळते. खिंडीत दोन्ही बाजूंनी आवळली जाते, म्हणून तिथे आणखी पळते. तुमचा डॉक्टर नेमका खिंडीत ढकलला गेला यात नवल नाही. तुम्ही चढलात ती पूर्वेची बाजू आडोशाची, त्यामुळे खाली पान हलत नव्हतं. पायथ्याचा वारा बघून माथ्याचा अंदाज करायचा नसतो.

आणि वाऱ्यावर रेलण्याचा त्रास: सतत वाहणाऱ्या वाऱ्याला माणूस सरावतो. पाडतो तो झोत आणि झोतानंतरची पोकळी.

---

नाचणी | रात्री १०.५०

वा! वाखुसा (वाचनखूण साठवली). पुढच्या वेळी पवनचक्कीवाल्यांना सोबत न्या.

---

खडेबाजारी | रात्री १०.५८

टोपी महाराष्ट्रातून कर्नाटकात गेली हे वाचून हसलो, पण नेमकी हद्द कुठे लागते? १ नोव्हेंबर १९५६ ला ज्यांनी रेघ मारली त्यांनी हा डोंगर चढून बघितला होता काय? माझ्या आज्याचं शेत इकडे आणि मावशी तिकडे. महाजन आयोगाने तर

---

चालक | रात्री ११.०२

खडेबाजारी, सीमाप्रश्नाला स्वतंत्र धागा आहे, ७१२ प्रतिसाद झाले आहेत, तिकडे चला. खालचे सहा प्रतिसाद हलवले आहेत. इथे डोंगर आणि वारा.

---

खडेबाजारी | रात्री ११.०४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

डॉ_गप्प | रात्री ११.३०

मीच तो नव्वद किलोचा. (८६. मित्राने चार किलो वाऱ्यात वाढवले.)

भाच्यासाठी लिहितो. मला थंडी वाजत होती तोवर मी विनोद करत होतो. खिंडीनंतर बोटांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. बोलायचं सुचत होतं पण जीभ जड झाली होती. मी पेशंटला सांगतो ती लक्षणं माझ्यातच होती आणि मला ती कळली नाहीत, हीच तर त्यातली मेख. आपल्याकडे लोकांना वाटतं थंडीने माणूस हिमालयातच गारठतो. अठरा-वीस डिग्रीला ओले कपडे आणि जोराचा वारा एवढं पुरतं. अशा वेळी सोबत्याने बघावं: अडखळतोय का, शब्द ओढतोय का, उगाच चिडतोय किंवा गप्प झालाय का. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं नव्हे, कधी कधी उलटं असतं. आधी वाऱ्यातून बाहेर, मग ओलं काढून कोरडं, मग गरम गोड चहा. दारू अजिबात नको. अंग तापल्यासारखं वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते.

मामाने कच खाल्ली नाही. मामा माझ्याकडे बघत होता.

जिन्याबद्दलचं विधान मागे घेतो.

---

अनगोळ_एक्स्प्रेस | सोमवार, सकाळी ७.१५

आमी गेल्या वर्षी राजहंसगडावर संध्याकाळी गेल्लो, तिथं बी असंच वारं. पोराचा पतंगच कशाला, पोरगंच जाऊलालं. पण तिथं तटाचा आडोसा हाय. डोंगराच्या धारेवर कोण देणार आडोसा?

पावसाळ्यात चोर्ला घाटाकडं जाणाऱ्यांना बी एक सांगतो. गाडी थांबवून कड्याच्या काठाला सेल्फी काढूलालेत लोक. तिकडं गोव्याच्या बाजूनं वारं दरीतनं सरळ वर येतंय, धबधब्याचं पाणी उलटं फेकतंय. पाण्याला जो उलटा फेकतो तो तुमाला सोडणार काय?

---

गडकोट_वेडा | सकाळी ८.००

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला. कालचा सूर जरा चढाच लागला, क्षमस्व. पण दोन माहितीच्या गोष्टी. पाऊस आणि वारा सोडून डोंगरधारेचा तिसरा धोका म्हणजे वीज, आणि ती या दिवसांत कमी. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तेव्हा धारेवर असू नये. दुसरं, भीमगडाकडे वाऱ्यापावसात परस्पर जाण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडा. ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. रॉटनच्या वटवाघळांच्या (ही एक दुर्मिळ जात) बारापेडे गुहा त्याच जंगलात आहेत, त्यांना आपल्या गर्दीची काही गरज नाही.

---

देवरवाडीची_माहेरवाशीण | सकाळी १०.२५

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझं माहेर त्या डोंगराखाली.

तुम्ही ज्याला शोध लागल्यासारखं लिहिलंय ते वारं आम्ही अंथरुणातून ऐकायचो. आजी नक्षत्रावरून सांगायची. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आमच्याकडे म्हाताऱ्या पावसाला सगळी भ्यायची, कारण तो कोसळत कमी आणि वारं जास्त घेऊन यायचा. लोक म्हणायचे म्हातारा खोकतोय. पश्चिमेच्या बाजूच्या कौलांवर दगड ठेवलेले असायचे, त्या भिंतीला पावसाळ्याआधी गवताच्या झड्या बांधायच्या, आणि गोठ्याचं दार त्या तोंडाला कधीच नाही.

आता तुमच्या भांडणाचं. शहापूरकर दादा, तुमचा भाचा पण चुकला आणि तुम्ही पण. वैजनाथला जाता आलं असतं, पण तुम्ही चाललात त्या वाटेने नाही. धारेवरून पावसाळ्यात आमच्याकडे कुणी जात नाही. माथ्याच्या खाली पूर्वेच्या अंगाला गुरांची वाट आहे, झुडपाझुडपांतून. वळणावळणाची, चिखलाची, तिथून काही दिसत नाही म्हणून शहरातल्यांना ती आवडत नाही. खिंड आली की ती वाट आणखी खाली उतरते आणि खिंड संपली की परत वर येते. लहानपणी मला वाटायचं, वाट पाडणारा येडा होता काय, उगाच खाली-वर. वडील म्हणायचे, ही वाट माणसांनी न्हाई पाडली, वाऱ्यानं पाडल्या.

महाशिवरात्रीला वैजनाथाला या. तेव्हा वारं शहाणं असतं, धारेवरून खुशाल हिंडा. तुमच्या ॲपवरची वाट टाकणारा बहुतेक तेव्हाच आला असणार.

---

शहापूरकर | दुपारी १.१०

ताई, जेवणाच्या सुट्टीत भाच्याला फोन करून ॲप उघडायला लावलं. वाट टाकल्याची तारीख: जानेवारीची. १९ तारीख. खाली त्या माणसाने लिहिलंय, "सोपी वाट, सुंदर दृश्य, मंद वारा."

भाचा पाच सेकंद गप्प होता. मग म्हणाला, "त्याने लिहायला पाहिजे होतं की महिना कुठला." मी म्हटलं, लिहिलाच होता की, आपण वाचला नाही. आणि आजोबांनी तर तोंडावर सांगितलं होतं, म्हशी पलीकडे नेल्या नाहीत म्हणून. मला ते गप्पा मारल्यासारखं वाटलं. तो माणूस मला आजचा वेधशाळेचा अहवाल देत होता, तोही फुकट.

---

बोफोर्टचा_भाऊ | दुपारी १.४०

ताईंच्या वडिलांना नमस्कार. माथ्याच्या किती खाली वारा पडतो हे काढायला आम्ही खांब उभे करतो, वर्षभर मोजतो. गुरांनी ते आधीच करून ठेवलंय.

एक पुस्ती जोडतो: आडोशाच्या बाजूला कडा अगदी उभा असेल तर तिथे हवेचे भोवरे होतात आणि झोत उलट्या बाजूने येऊ शकतो. तुमच्या डोंगराचा पूर्व उतार तसा सौम्य आणि झुडपांचा आहे, म्हणून ती वाट जमते. हाच नियम चोर्ल्याच्या कड्यावर लावू नका.

---

पुणेकर_तात्पुरता | दुपारी ३.०५

कामानिमित्त उद्यमबागेत वर्षभरासाठी आलोय. सह्याद्रीत बरंच हिंडलोय, त्यामुळे "आठशे फूट" वाचून मीही मनात हसलो होतो. प्रश्न: सामान काय न्यावं? आणि दृश्यासाठी धारेवर जायचंच असेल तर?

---

डॉ_गप्प | दुपारी ३.३०

पाँचो नको, तो शीड होतो. अंगाबरोबरचं जाकीट आणि पँट. टोपीला हनुवटीखाली बंद, नाहीतर कानटोपीच बरी, कान दुखत नाहीत. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत, तो गाडीत ठेवायचा नाही, पाठीवर घ्यायचा. चष्मा असेल तर दोरी. पाठपिशवीला बाहेर काही लटकवू नका, चटई तर नाहीच. थर्मासमध्ये चहा. भाकरी, झुणका, ठेचा काय ते आडोशाला बसून. आम्ही माथ्यावर पुडा उघडला आणि चुरमुरे उचगावला गेले.

---

देवरवाडीची_माहेरवाशीण | दुपारी ४.१५

दृश्यासाठी धारेवर जायला काही हरकत नाही हो. खालच्या वाटेने चालायचं, मधे दोन ठिकाणी वर डोकावायचं, दगडाच्या मागे बसून बघायचं, परत खाली. आम्ही पोरं तेच करायचो. पोटावर पडून डोकं बाहेर काढायचं आणि तोंड उघडायचं, गाल फुगायचे. ज्याचे जास्त फुगले तो जिंकला.

---

नाचणी | दुपारी ४.२०

हा खेळ मी या वयात खेळणार आहे. कोणी सोबत?

---

शहापूरकर | संध्याकाळी ६.४५

येत्या रविवारी परत जातोय. वहिनी, डॉक्टर, भाचा (ॲपशिवाय), नाचणी, पुणेकर. गडकोट_वेडा पण येतो म्हणालेत, म्हैस आणणार नाहीत. सकाळी साडेसहा, उचगाव फाटा. बेक्किनकेऱ्यात आधी आजोबांना भेटायचं. त्यांनी म्हशी पलीकडे नेल्या असतील तर धारेवरून, नाहीतर गुरांच्या वाटेने, आणि त्यांनी मानच हलवली तर शिनोळीत चहा घेऊन घरी. त्यांच्यासाठी कुंदा घेतोय.

छत्री आणू नये.

---

खडेबाजारी | संध्याकाळी ६.५२

मी पण येतो. घडीची छत्री चालेल काय?